विमान एका दिवसात पोचवतं, लसीला दहा दिवस लागतात

गेल्या हिवाळ्यात चाचांना सोडायला बिरसीच्या विमानतळावर गेलो होतो. गोंदिया शहरापासून फार लांब नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या आणि मधूनमधून पुंजणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, इंग्रजांनी इथं धावपट्टी बांधली. पुढं अनेक वर्षं ती आमच्या लेखी असून नसल्यासारखीच होती. मग वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू झालं. मार्च २०२२ मध्ये पहिली प्रवासी सेवा आली, पण ती टिकली नाही. डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचं हैदराबादचं विमान सुरू झालं आणि आमच्या भागातल्या लोकांना जग एकदम जवळ आल्यासारखं वाटू लागलं. चाचा उमराहला निघाले होते. बिरसीहून हैदराबाद आणि तिथून जेद्दा.

चाचा सत्तरीच्या पुढचे आहेत. उभं आयुष्य तेंदूपत्त्याच्या धंद्यात गेलं. साखरेचा आजार आहे, छातीचाही त्रास आहे. आत जाण्याआधी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतले कागद पुन्हा एकदा काढून पाहिले. पासपोर्ट, व्हिसाची प्रत, तिकीट आणि लस घेतल्याचं कार्ड. मी सहज विचारलं, "चाचा, सुई कधी घेतली?"

ते हसले. म्हणाले, "सुई कौन लेता है बेटा, कार्ड तो एजंट ने बना के दे दिया."

कार्डावर तारीख होती, शिक्का होता, सही होती. फक्त लस नव्हती. चाचांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. फोटोच्या चार प्रती लागतात तसं हेही एक कार्ड लागतं, एवढाच त्याचा अर्थ त्यांच्या लेखी होता.

मी काही बोललो नाही, कारण बोलायला तोंड नव्हतं. काही वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केलं होतं. निघायला चार दिवस उरले होते. गावातल्या दोन औषध दुकानांत विचारलं, तर लस नागपूरहून मागवावी लागेल, असं सांगितलं. किंमतही काही हजारांत होती. एजंट म्हणाला, "काळजी करू नका, कार्ड होऊन जाईल." आणि झालं. परत आलो तो खजूर, जमजमचं पाणी आणि खोकला घेऊन. घर भेटायला येणाऱ्यांनी भरलं होतं. अम्मीनं माझं कपाळ चुंबलं. आठवड्याभरात अम्मी न्यूमोनियानं रुग्णालयात होती, नऊ दिवस. तिला माझ्यामुळंच ते झालं, असं मी ठामपणे सांगू शकत नाही. पण फ्लूची सुईही मी घेतली नव्हती, आणि त्या नऊ दिवसांत रुग्णालयाच्या बाकावर बसून मी त्या खोट्या कार्डाचाच विचार करत होतो. हा लेख म्हणजे तो उशिरा मांडलेला विचार आहे.

ही सुई कशासाठी?

हज-उमराहसाठी जी मुख्य लस सांगितली जाते ती मेनिन्गोकोकस नावाच्या जिवाणूविरुद्धची. या जिवाणूमुळं मेंदूच्या आवरणाला सूज येते. मेंदूज्वर म्हटलं की आपल्याकडे डासांपासून होणारा जपानी मेंदूज्वर आठवतो. हा तो नव्हे. हा माणसाकडून माणसाकडं जातो, तोही खोकला, थुंकी आणि जवळच्या सहवासातून. साधारण दहातल्या एका निरोगी माणसाच्या घशात हा जिवाणू कुठलाही त्रास न देता राहू शकतो. पण ज्याला आजार होतो, त्याच्यासाठी तो तासांचा खेळ असतो. उपचार मिळूनही दहातला एक रुग्ण दगावतो. जगलेल्यांपैकी काहींना बहिरेपण किंवा दुसरं अपंगत्व कायमचं येतं.

मक्केत जगभरातून लाखो माणसं येतात. एका खोलीत पाच-सहा जण झोपतात, तवाफ करताना खांद्याला खांदा लागलेला असतो. अशा ठिकाणी या जिवाणूनं काय केलं, याची नोंद आहे. १९८७ च्या हजमध्ये त्याच्या 'ए' प्रकाराची मोठी साथ आली. त्यानंतर लस सक्तीची झाली. २००० मध्ये 'डब्ल्यू' प्रकार आला. यात्रेकरू आणि त्यांच्या सहवासात आलेले मिळून सोळा देशांत ४०० हून अधिक लोक आजारी पडले. यातले अनेक जण मक्केला गेलेच नव्हते. हाजींच्या स्वागताला घरी थांबलेली ती माणसं होती. २००१ मध्ये पुन्हा साथ आली. त्यानंतर २००२ पासून ए, सी, डब्ल्यू आणि वाय अशा चारही प्रकारांविरुद्धची लस बंधनकारक झाली. हजमधल्या साथी तेव्हापासून आटोक्यात आल्या.

ही जुनी गोष्ट आहे असं कुणाला वाटेल. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये सौदी प्रवासाशी जोडलेले या आजाराचे १२ रुग्ण सापडले. त्यांतले दहा स्वतः जाऊन आलेले होते आणि दोघं प्रवास करून आलेल्यांच्या निकट सहवासातले. लसीची माहिती मिळाली अशा ९ रुग्णांपैकी एकानंही लस घेतलेली नव्हती. उमराहसाठीही ही लस सांगितलेली असते, पण हजसारखी काटेकोर तपासणी होतेच असं नाही. त्या फटीतून यातले अनेक प्रवासी गेले. माझे चाचाही त्याच फटीतून गेले आणि त्यांच्या आधी मी.

दहा दिवसांचा हिशेब

सौदी आरोग्य खात्याचा नियम असा की, लस तिथं पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी. ही अट कागदासाठी नाही. सुई टोचल्यावर शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला तेवढा वेळ लागतो. निघण्याच्या आदल्या दिवशी लस घेणारा माणूस मक्केत पोचतो तेव्हा बऱ्याच अंशी लस न घेतल्यासारखाच असतो.

आपल्या आजा-पणजांना हा हिशेब करावा लागत नव्हता, कारण त्यांचा प्रवासच लांबलचक होता. नागपूरवरून रेल्वेनं मुंबई, तिथल्या मुसाफिरखान्यात मुक्काम, मग जहाज. देवीची आणि कॉलऱ्याची लस टोचून घ्यावी लागे, दाखला दाखवल्याशिवाय जहाजावर पाय ठेवता येत नसे. एका जमान्यात तर तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर उतरवून यात्रेकरूंना विलग ठेवलं जाई. मुंबईहून जहाजानं हजला जाणं १९९५ मध्ये संपलं. विमानानं आठवड्यांचा प्रवास तासांवर आणला. आता तर बिरसीहून दुपारी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी काब्यासमोर उभा राहू शकतो. रस्ता आखूड झाला, शरीर मात्र तेच आहे. त्याला आजही दहा दिवसच लागतात. पूर्वी ते वाटेत मिळायचे. आता आपल्याला घरी बसून आधीच काढावे लागतात, एवढाच फरक.

संशयाला इतिहास आहे

आपल्या समाजात सुईबद्दल संशय आहे, हे नाकारून उपयोग नाही. त्याला निव्वळ अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास वाचावा. १८६५ च्या हजमध्ये कॉलरा पसरला. हजारो हाजी मेले आणि परतीच्या जहाजांबरोबर रोग इजिप्तमार्गे युरोपात पोचला. १८६६ मध्ये इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेव्हापासून हिंदुस्थानातला गरीब हाजी हा युरोपच्या नजरेत रोग वाहून नेणारा माणूस ठरला. त्याच्या गाठोड्याची झडती, धुरी, विलगीकरण हे सगळं आलं. १८९७ मध्ये मुंबईत प्लेग होता म्हणून सरकारनं हजची वाहतूकच थांबवली. आणि फार मागं कशाला जायचं? २०२० मध्ये कोरोनाच्या सुरुवातीला तबलिगी जमातीच्या निमित्तानं अख्ख्या समाजावर काय काय बोललं गेलं, ते विसरण्याइतके दिवस झालेले नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले. पण तोवर भाजीवाल्याचं नाव विचारून भाजी घेणं सुरू झालं होतं.

ज्याला वारंवार रोगी ठरवलं जातं, त्याला सरकारी सुई तपासणी वाटणार, औषध नाही. हे मी समजू शकतो. पण या इतिहासाची दुसरी बाजूही आपलीच आहे. त्याच १८९७ साली, जानेवारीत, वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरलेले होते, अफवा पसरल्या होत्या. तेव्हा खोजा समाजाचे इमाम, तिसरे आगाखान, वयानं विशीच्या आत होते. त्यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली. त्यांचं पाहून हजारो खोजा पुढं आले. हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आगाखानांनी आपला बंगलाही दिला. पुढं १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था. पोलिओचे थेंब बनवणाऱ्यांमध्ये हाफकिनचं नाव आहे, आणि हजला जाणाऱ्यांना आजही निघण्याआधी पोलिओचे थेंब पाजतात.

म्हणजे आरोप करणारा हात वेगळा होता आणि सुई देणारा वेगळा. दोघांना एकच समजण्यात नुकसान आपलंच होतं. खोटं कार्ड घेऊन जाणारा माणूस त्या जुन्या आरोपाला उत्तर देत नाही, तो आरोप करणाऱ्याच्या हाती पुरावा देतो.

आणि हे नियम काही फक्त आपल्यासाठी नाहीत. आफ्रिकेतल्या पिवळ्या तापाच्या देशांतून लसीच्या दाखल्याविना येणाऱ्याला भारत सरकारही सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं, मग तो कुठल्याही धर्माचा असो. त्या दाखल्यालाही लस घेतल्यापासून दहा दिवसांनीच किंमत येते.

तवक्कुल म्हणजे काय?

चाचांना नंतर फोनवर विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अल्लाहच्या घरी चाललोय, तिथं कसला आजार?" या वाक्यात अकीदत आहे, मी त्याचा आदर करतो. पण उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांधायला सांगितलं होतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. साथीच्या गावात जाऊ नका आणि साथ असलेल्या गावातून बाहेर पडू नका, ही शिकवणही त्यांचीच. हजरत उमर शामच्या वाटेवर असताना तिथं प्लेग असल्याचं कळलं. सल्लामसलत करून ते परत फिरले. तकदीरपासून पळता का, असं विचारलं गेलं तेव्हा त्यांनी सांगितलं की, हे परत फिरणंही तकदीरच आहे.

लस हलाल आहे का, हा प्रश्नही विचारला जातो. तो विचारण्यात गैर काही नाही. इंडोनेशियात या मेनिन्जायटिसच्या लसीवरूनच मोठी चर्चा झाली. तिथल्या उलेमा परिषदेनं २०१० मध्ये उपलब्ध लसी तपासून काहींना हलाल ठरवलं आणि त्या वापरा म्हणून सांगितलं. त्यांनी प्रश्न विचारला, उत्तर शोधलं आणि यात्रेकरू सुई घेऊन गेले. आपण प्रश्न अर्धवट सोडतो आणि कार्ड विकत घेतो. लस हराम असेल या भीतीपोटी खोटा दाखला घेणं, यात खोटं बोलणं कधीपासून हलाल झालं?

माझ्या मते हा मुळात हक्कुल इबादचा, म्हणजे माणसांच्या आपल्यावरच्या हक्काचा प्रश्न आहे. हजला निघण्याआधी आपण दारोदार जाऊन 'कहा-सुना माफ करा' म्हणतो, कुणाचं देणं असेल तर फेडतो. मग तवाफमध्ये आपल्या शेजारी चालणाऱ्या नायजेरियाच्या म्हाताऱ्याचं आणि परतल्यावर कपाळ चुंबणाऱ्या आईचं आपल्यावर काहीच देणं नाही का? इबादतीला निघालेल्या माणसाच्या पिशवीत पहिलाच कागद खोटा असावा, हे मला आता सहन होत नाही.

घरातली सुई

एक गोष्ट मात्र कडू आहे. व्हिसा अडेल म्हणून आपण निदान कार्ड तरी करतो. पण ज्या सुईला कुणी व्हिसा विचारत नाही, तिचं काय? २०२२ च्या शेवटी मुंबईच्या गोवंडीत गोवराची साथ आली, मालेगाव-भिवंडीतही पसरली. लहान मुलं दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलं मोठ्या संख्येनं होती. त्यामागं कोरोनाकाळात थांबलेलं लसीकरण होतं, दाटीवाटीच्या वस्त्या होत्या, आरोग्य केंद्रांची कमतरता होती. सगळा दोष आईबापांवर टाकणं अन्याय होईल. पण काही घरांनी आशाताईंना दारातून परत पाठवलं होतं, हेही खरं. ज्या गोवराची लस सरकार फुकट देतं, ती नाकारायची आणि उमराहच्या लसीचा खोटा कागद पैसे देऊन घ्यायचा, या दोन्हीच्या मुळाशी एकच समज आहे: सुई ही साहेबासाठी असते, आपल्यासाठी नाही.

आमच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात प्लीहा निकामी होत जाते, आणि अशा माणसाला मेनिन्गोकोकससारख्या जिवाणूंचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यांच्यासाठी डॉक्टर हीच लस सुचवतात. म्हणजे जिला आपण 'हजची सुई' म्हणतो, ती शेजारच्या घरातल्या एखाद्या मुलाची गरज असते आणि किमतीमुळं त्याला मिळत नाही. दुसरीकडं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं आफ्रिकेसाठी या जिवाणूच्या 'ए' प्रकाराविरुद्ध स्वस्त लस बनवली. २०१० मध्ये बुर्किना फासोपासून ती द्यायला सुरुवात झाली आणि तीस कोटींहून अधिक लोकांना मिळाली. तिथून तो प्रकार जवळपास नाहीसा झाला. पाच प्रकारांविरुद्धची नवी लसही पुण्यातच तयार झाली आणि २०२४ मध्ये नायजेरियात पहिल्यांदा वापरली गेली. महाराष्ट्रात बनलेली लस नायजेरियाच्या गावात पोचते आणि गोंदियाच्या माणसाला या आजाराची साधी सुईही नागपूरहून मागवावी लागते, हे काही बरोबर नाही.

काय करता येईल?

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांची सोय बरी आहे. जिल्ह्यात शिबिर होतं, मेनिन्जायटिसची लस आणि पोलिओचे थेंब मोफत मिळतात, वयस्क आणि आधीपासून आजारी असणाऱ्यांना फ्लूचीही लस देतात. शिबिराला फक्त शिक्क्यासाठी जाऊ नका, बाही वर करा. खाजगी टूरनं हजला किंवा उमराहला जाणाऱ्यांना मात्र स्वतः धावपळ करावी लागते. त्यांनी तिकीट काढतानाच, निदान महिना-दीड महिना आधी, डॉक्टरांना भेटावं. साखर, दमा, हृदयविकार असेल तर तेही तेव्हाच सांगावं. लस कोणत्या प्रकारची दिली ते विचारून कार्डावर लिहून घ्यावं. जुन्या पद्धतीच्या लसीचा दाखला तीन वर्षं चालतो, नव्या कॉन्जुगेट लसीचा पाच वर्षं. शिवाय कॉन्जुगेट लस घशात जिवाणू घेऊन फिरणंही काही प्रमाणात कमी करते, म्हणजे घरच्यांनाही तिचा थोडा आधार असतो. कार्डावरचं नाव पासपोर्टशी जुळतं का, बघावं.

एजंटांना माझं सांगणं आहे की, लसीचा खर्च पॅकेजमध्ये उघडपणे धरा. लाखभर रुपये भरणारा माणूस त्यासाठी मागं हटणार नाही. मशिदींच्या इमामसाहेबांनी उमराहच्या हंगामाआधी जुम्याच्या बयानात दोन मिनिटं यावर बोलावं. त्या दोन मिनिटांचा परिणाम आरोग्य खात्याच्या शंभर पोस्टरांपेक्षा जास्त होईल. आणि सरकारला सांगणं असं की, गावाजवळ विमानतळ आला, तर प्रवासाची लसही गावाजवळ यायला हवी. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातला एक दिवस ठरवून, वाजवी किंमत घेऊन ही लस दिली तर खोट्या कार्डांचा धंदा आपोआप बसेल. त्या रांगेत परदेशी शिकायला निघालेली मुलं असतील, आफ्रिकेत नोकरीला निघालेले तरुण असतील. हा काही एका समाजाचा प्रश्न नाही.

चाचा सुखरूप परतले. काही झालं नाही. अल्हम्दुलिल्लाह. पण खरी अडचण तीच आहे. काही झालं नाही म्हणून कार्ड चांगलं ठरलं, एजंट चांगला ठरला आणि आता चाची निघाल्या आहेत. यावेळी मी एजंटच्या आधी त्यांच्याकडं गेलो. अम्मीच्या त्या नऊ दिवसांची गोष्ट सांगितली, माझं खोटं कार्डही दाखवलं. चाची बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चाचांकडं वळून म्हणाल्या, "पहले सुई, बाद में टिकट."

पुढच्या सोमवारी मी त्यांना घेऊन चाललोय. चाचाही येणार आहेत, फ्लूची सुई घ्यायला.